टकळी आली, समवाय वाटेतच राहिला

नवा अभ्यासक्रम आला की आपल्याकडं चर्चा होते ती पुस्तकाची. कोणता धडा घातला, कोणता काढला, भाषा किती शिकवायच्या. 2025-26 पासून राज्यात पहिलीला नवा अभ्यासक्रम लागू झाला, तेव्हाही तेच झालं. पण पुस्तक वर्गात पोचल्यावर त्याचं पुढं काय होतं? हे समजून घ्यायचं तर जरा मागं जावं लागेल. आपला बुलढाणा जिल्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता त्या काळात.

22 आणि 23 ऑक्टोबर 1937. वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. मुलाला एखादा उद्योग शिकवायचा आणि बाकीचे विषय त्या उद्योगातूनच शिकवायचे, असा विचार पुढं आला. झाकिर हुसेन समितीनं त्याचा सात वर्षांचा अभ्यासक्रम बांधला. शाळेचा दिवस साडेपाच तासांचा. त्यातले 3 तास 20 मिनिटं उद्योगाला, 40 मिनिटं मातृभाषेला, 40 मिनिटं संगीत, चित्रकला आणि गणिताला. समाजशास्त्र व सामान्य विज्ञान मिळून अर्धा तास.

आता बघा, हा अभ्यासक्रम आपल्याइतका कुणाला जुळला असता? वर्धा आपल्याच प्रांतातलं. उद्योग सूतकताईचा, आणि आपला जिल्हा कापसाचा. खामगावच्या बाजाराची ख्याती एवढी, की 1870 मध्ये तिथवर रेल्वेचा खास फाटा टाकला आणि त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. ज्या पोराच्या घरात कापूस पडलेला, त्याच्या हातात टकळी द्यायची. सरकीपासून सुरुवात करायची. कागदावर याहून चांगला मेळ बसणं कठीण.

यातला कळीचा शब्द होता ‘समवाय’. म्हणजे काय? 160 तारांची एक लटी, चार लट्यांची एक गुंडी. मुलानं आज किती तार काढले, गुंडीला किती कमी पडले, यातून गणित. पेळू किती वजनाचा दिला, सूत किती निघालं, वाया किती गेलं, यातून टक्केवारी. हा कापूस काळ्या जमिनीतच का येतो, हा भूगोल. आपला कापूस मँचेस्टरला जाऊन कापड होऊन परत का यायचा, हा इतिहास. टकळी हे साधन. शिकवायचं होतं ते तिच्या आधारानं.

पण असं शिकवणं सोपं नव्हतं. मास्तर स्वतः पाढे आणि पुस्तक घोकून शिकलेला. कापसातून भूगोल काढून दाखवणारा एकही तास त्यानं आयुष्यात पाहिलेला नव्हता. त्याच सुमारास आपल्या प्रांतात रविशंकर शुक्लांची विद्यामंदिर योजना आली. गावानं जमीन दान द्यायची आणि तिच्या उत्पन्नावर शाळा चालवायची. त्या योजनेच्या नावावरूनच वाद पेटला. मुस्लिम समाजातून ‘मंदिर’ शब्दाला विरोध झाला. त्यात नोव्हेंबर 1939 मध्ये काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. मूळ धरायला वेळच मिळाला नाही.

स्वातंत्र्यानंतर टकळी पुन्हा शाळांत आली, पण समवाय वाटेतच राहिला. सूतकताईचा एक तास झाला, बाकी पुस्तक होतं तसंच. घरातल्या ज्येष्ठांना विचारा. टकळी आठवते, तार तुटायचा तेही आठवतं. त्यातून गणित शिकल्याचं आठवणारा माणूस मला तरी अजून भेटायचा आहे. पुढं कोठारी आयोगानं (1964-66) कार्यानुभव सुचवला. त्याचाही वेळापत्रकात एक चौकोन झाला.

मला वाटतं, हीच आपल्याकडची रीत आहे. वस्तू पोचते, पद्धत पोचत नाही.

अलीकडचं उदाहरण घ्या. 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयानं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. मुलाला रोज बघा, काय जमतं, कुठं अडतं ते लिहा, ही कल्पना उत्तमच. झालं काय? बाजारात तयार वर्णनात्मक नोंदींची पुस्तकं आली. नोंदवही भरली, मूल होतं तिथंच.

म्हणून शिक्षकांना दोष देऊन मोकळं व्हायचं का? अजिबात नाही. महात्मा फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढं खेड्यातल्या मुलांसाठी शेतीचं ज्ञान देणारा वेगळा अभ्यासक्रम मागितला, तेव्हा सोबत शिक्षकही मागितला होता. शेतकरी समाजातला, प्रशिक्षित, पोटापुरता पगार असलेला. त्या फुल्यांचं चरित्र आपल्याच जिल्ह्यातल्या पंढरीनाथ पाटलांनी लिहिलं. तरी अभ्यासक्रमाबरोबर शिक्षकाची तयारी पाठवायला आपण अजून शिकलो नाही.

जमलं कुठं, तेही सांगतो. सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट. ज्ञानरचनावादी पद्धत तिथल्या जिल्हा परिषद शाळांनी आधी करून दाखवली. राज्यभरातले शिक्षक गाड्या करून ते वर्ग बघायला गेले. वर्गात बसले, मुलांशी बोलले, परत येऊन आपल्या फरशीवर आखणी केली. 22 जून 2015 चा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा निर्णय त्यानंतरचा. काम आधी, कागद नंतर.

आपल्या जिल्ह्याचे प्रश्न आपलेच आहेत. उन्हामुळं विदर्भातल्या शाळा उर्वरित राज्यापेक्षा उशिरा उघडतात. जळगाव जामोद तालुक्यात निहाली बोलणारी माणसं आहेत. जगातल्या कुठल्याच भाषाकुळाशी जिचं नातं लागत नाही अशी ही भाषा. त्या घरातल्या पोराला पहिलीचं मराठी पुस्तक कसं उघडून द्यायचं, हे पुण्यात बसून ठरणार नाही. ते तिथल्या शिक्षकालाच शोधावं लागेल, आणि त्यासाठी त्याला वेळ द्यावा लागेल.

म्हणून मागणी साधी आहे. केंद्राची शिक्षण परिषद परिपत्रकं वाचण्यात संपू नये. दर वेळी एका शिक्षकानं खऱ्या मुलांसमोर खरा तास घ्यावा, बाकीच्यांनी तो पाहावा. नवीन पुस्तक लागू होण्याआधी हे व्हावं. आणि निवडणूक, सर्वेक्षण, ऑनलाइन माहिती यात त्या शिक्षकाचे किती दिवस जातात, हे शाळा व्यवस्थापन समितीनं एकदा मोजून ग्रामसभेत मांडावं.

तुमच्या गावच्या शाळेत नवीन पुस्तक आलंच असेल. ते कसं शिकवायचं हे गुरुजींना कुणी वर्गात उभं राहून दाखवलं का, तेवढं विचारून या. उत्तर खाली लिहा.