आईवडिलांची नोंद आणि वैद्यकाची दृष्टी : बालवयातील स्वमग्नतेच्या ओळखीचा इतिहास

प्रास्ताविक

स्वमग्नता या अवस्थेचा इतिहास सामान्यतः डॉक्टरांच्या नावांनी सांगितला जातो. कोणी संज्ञा दिली, कोणी लक्षणे वर्णिली, कोणी वर्गीकरण बदलले, असा तो क्रम असतो. परंतु मूल आपल्या हाकेला वळून पाहत नाही, ही गोष्ट प्रथम घरातच लक्षात येते. घरातील ही नोंद वैद्यकाने केव्हा स्वीकारली, केव्हा झिडकारली आणि पुन्हा कशी स्वीकारली, या अंगाने पाहिल्यास हा इतिहास बराच निराळा दिसतो. प्रस्तुत लेखात त्याच अंगाने त्याचा विचार केला आहे.

तेहतीस पानांचे निवेदन

'ऑटिझम' हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या प्रारंभी वापरात आणला, तो प्रौढ छिन्नमनस्कतेच्या एका लक्षणासाठी. मॉस्को येथील ग्रुन्या सुखारेवा यांनी १९२५ मध्ये सहा मुलांचे जे वर्णन प्रसिद्ध केले, ते आजच्या निकषांशी आश्चर्यकारकरीत्या जुळते. तथापि इंग्रजी वैद्यकविश्वाने त्याची दखल अनेक दशके घेतली नाही. म्हणून या विषयाची प्रचलित सुरुवात बाल्टिमोर येथून होते.

१९३८ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या लहान गावातून डोनाल्ड ट्रिपलेट नावाचा पाच वर्षांचा मुलगा जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. लिओ कॅनर यांच्याकडे आणण्यात आला. त्यापूर्वी त्याच्या वडिलांनी कॅनर यांना तेहतीस टंकलिखित पानांचे निवेदन पाठविले होते. मुलगा वर्षाचा असताना अनेक चाली अचूक गुणगुणत असे. त्याची स्मरणशक्ती असामान्य होती. तो एकटा असतानाच सर्वाधिक आनंदी दिसे. वडील घरी परतले तरी त्याचे लक्ष जात नसे. दुसऱ्या वर्षी त्याला ठोकळे आणि भांडी गरगर फिरविण्याचे वेडच लागले. हे सर्व त्या निवेदनात होते. वडील व्यवसायाने वकील होते आणि त्यांच्या लेखनात साक्षीपुराव्याची शिस्त दिसते. अनुमाने थोडी, घडलेले प्रसंग अधिक.

कॅनर यांचा अकरा मुलांवरील निबंध १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी आठ मुलगे व तीन मुली होत्या. डोनाल्ड हा त्यातील पहिला रुग्ण, आणि त्याच्याविषयीच्या वर्णनाचा मोठा भाग वडिलांच्या निवेदनावर आधारलेला आहे. म्हणजे ज्याला आज स्वमग्नतेचे मूळ वैद्यकीय वर्णन म्हटले जाते, त्याच्या तळाशी एका पालकाचे टिपण आहे. त्या निबंधात कॅनर यांनी ही अवस्था जन्मजात असल्याचे मत मांडले होते. पुढे जे घडले ते पाहता हे लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. (डोनाल्ड ट्रिपलेट यांनी पुढे पदवी घेतली, बँकेत नोकरी केली, आणि २०२३ मध्ये वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.)

साक्षीदार आरोपी होतो

त्याच निबंधाच्या अखेरीस आणखी एक निरीक्षण होते : या मुलांच्या आईवडिलांत खरोखर मायाळू अशी माणसे थोडीच आढळली. कॅनर यांच्याकडे येणारी कुटुंबे मुख्यतः सुशिक्षित व सुस्थितीतील होती. दूरच्या राज्यातून बाल्टिमोरपर्यंत येऊ शकणारे पालक असेच असणार, हा साधा खुलासा त्या वेळी पुढे आला नाही. १९४९ पर्यंत खुद्द कॅनर यांच्या लेखनात थंड पालकत्वाची, शीतकपाटाची उपमा आली. मनोविश्लेषणाचा प्रभाव तेव्हा शिखरावर होता. बालकाच्या प्रत्येक विकाराचे मूळ मातेच्या वर्तनात शोधण्याची रीतच पडली होती. शिकागो येथील ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ मध्ये 'द एम्प्टी फोर्ट्रेस' हा ग्रंथ लिहून या मताला लोकप्रियता मिळवून दिली.

या कालखंडाचे मूल्यमापन करताना केवळ 'मातांवर अन्याय झाला' एवढे म्हणून भागत नाही. अन्याय तर झालाच. पण त्याहून दूरगामी हानी ज्ञानाची झाली. जिने मुलाला दिवसरात्र पाहिले तिचेच कथन संशयास्पद ठरले. आई जितकी बारकाईने सांगे, तितकी ती 'अतिचिकित्सक' आणि म्हणून दोषी वाटे. ज्या आईला दवाखान्यात गेल्यावर आपल्यावरच आरोप येणार हे ठाऊक आहे, ती पुढची पायरी चढताना शंभरदा विचार करील. निदानाला होणाऱ्या उशिराचे एक कारण अशा रीतीने निदान करणाऱ्यांनीच निर्माण केले.

या मताला पहिला सज्जड धक्का दिला तोही एका पालकानेच. बर्नार्ड रिमलँड हे अमेरिकन नौदलात काम करणारे मानसशास्त्रज्ञ. मुलाचे वेगळेपण ओळखल्यावर त्यांनी उपलब्ध साहित्य धुंडाळले आणि १९६४ च्या ग्रंथात ही अवस्था जैविक असल्याचे प्रतिपादन केले. ग्रंथाला प्रस्तावना कॅनर यांची होती, आणि शेवटी पालकांनी भरावयाची लक्षणांची प्रश्नावली जोडलेली होती. प्रश्न पालकांना विचारायचे, ही कल्पना येथे प्रथम ठळकपणे दिसते. इंग्लंडमध्ये १९६२ मध्ये पालकांनी संघटना उभारली. तिच्या संस्थापकांपैकी लॉर्ना विंग या स्वतः मनोविकारतज्ज्ञही होत्या आणि स्वमग्न मुलीच्या आईही. १९६९ मध्ये अमेरिकेतील पालकांच्या सभेत कॅनर यांनी आईवडिलांना जाहीरपणे दोषमुक्त केले. सूसन फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांनी १९७७ मध्ये जुळ्या मुलांच्या एकवीस जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकबीज जुळ्यांच्या अकरापैकी चार जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न होती, द्विबीज जुळ्यांच्या दहा जोड्यांत एकही तशी नव्हती. आनुवंशिकतेचा प्रश्न त्यानंतर टाळता येण्यासारखा राहिला नाही.

बोट दाखविण्याचे दोन अर्थ

कारणाचा वाद शमू लागल्यावर प्रश्न वयाचा आला. १९८० च्या अमेरिकन वर्गीकरणाने लक्षणे तीस महिन्यांच्या आत दिसावीत असे ठरविले होते. प्रत्यक्ष निदान मात्र त्यानंतर बऱ्याच काळाने होई. ते आधी करता येईल काय?

१९९२ मध्ये सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांनी दीड वर्षाच्या बालकांसाठी एक छोटी तपासणी मांडली. तिच्या गाभ्याशी असलेला विचार पाहण्यासारखा आहे. मूल बोट दोन कारणांसाठी दाखविते. फडताळावरचा डबा हवा म्हणून दाखविलेले बोट ही मागणी असते. झाडावरचा कावळा दिसल्यावर आईकडे वळून, पुन्हा झाडाकडे पाहून दाखविलेले बोट मात्र 'मला दिसले, तूही बघ' असे सांगते. त्यात मिळवायचे काही नसते. पाहण्यातला आनंद वाटून घ्यायचा असतो. स्वमग्न बालकांत हे दुसरे बोट, दुसऱ्याच्या नजरेमागे नजर नेणे आणि लटका खेळ, म्हणजे रिकाम्या कपातून चहा पिणे वगैरे, बहुधा उशिरा येतात किंवा येत नाहीत. ज्यांच्या थोरल्या भावंडास स्वमग्नता होती अशा एक्केचाळीस बालकांची तपासणी झाली. त्यांपैकी चार बालके अनेक कसोट्यांत उणी पडली आणि त्याच चौघांचे निदान अडीच वर्षांच्या वयात निश्चित झाले.

१९९४ मध्ये ज्युली ऑस्टर्लिंग व जेराल्डिन डॉसन यांनी आणखी मागे जाण्याची युक्ती काढली. पहिल्या वाढदिवसाच्या घरगुती चित्रफिती त्यांनी तपासल्या. पुढे स्वमग्न ठरलेली अकरा मुले आणि सामान्य विकासाची अकरा मुले त्यांत होती. माणसांकडे पाहणे, बोट दाखविणे, वस्तू दुसऱ्याला दाखविणे आणि नावाने हाक मारल्यावर वळणे, या चार गोष्टींवरून बहुतेक मुले ओळखता आली. ज्या प्रसंगाकडे कौतुकाने पाहिले गेले, त्यातच खूण दडलेली होती.

यशाची ही बाजू सांगताना अपयशही नोंदविले पाहिजे. इंग्लंडमध्ये सुमारे सोळा हजार बालकांवर केलेल्या मोठ्या तपासणीचा पाठपुरावा २००० मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्या कसोट्यांनी पुढे स्वमग्न ठरलेल्या मुलांपैकी केवळ ३८ टक्के मुले हेरल्याचे आढळले. काही मुले दीड वर्षाच्या सुमारास किंवा नंतर आलेले शब्द गमावतात. तोपर्यंतच्या तपासणीत ती सहज सुटतात. चाळणीतून मूल 'पार पडले' याचा अर्थ पालकांची शंका निराधार होती असा होत नाही. डायना रॉबिन्स आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये केलेल्या सुधारित आवृत्तीत परिचारिकेचे निरीक्षण वगळून तेवीस प्रश्न थेट पालकांना विचारले. तेहतीस पानांच्या निवेदनाने सुरू झालेला प्रवास अशा रीतीने 'होय' आणि 'नाही' यांच्या दोन रकान्यांत येऊन पोहोचला.

येथे एक भेद करणे आवश्यक आहे. पालकांनी काय पाहिले ही एक गोष्ट आणि ते कशामुळे झाले याविषयीची त्यांची समजूत ही दुसरी. १९९८ मध्ये लंडनमधील एका शोधनिबंधाने बारा मुलांच्या आधारे गोवर-गालगुंड-रुबेला लशीकडे बोट दाखविले. त्यात लशीनंतर लक्षणे दिसल्याच्या पालकांच्या कथनाचा मोठा वाटा होता. लस देण्याचे वय आणि लक्षणे उमटण्याचे वय एकच असल्याने तसे वाटणे स्वाभाविक होते. परंतु पुढील व्यापक अभ्यासांत संबंध आढळला नाही आणि 'लॅन्सेट' नियतकालिकाने २०१० मध्ये तो निबंध मागे घेतला.

भारतीय संदर्भ

भारतातही सुरुवात पालकांपासूनच झाली. एका स्वमग्न मुलाच्या आई मेरी बरुआ यांनी १९९१ मध्ये दिल्लीत 'ॲक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था स्थापन केली. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात सात अपंगत्वे होती. स्वमग्नता त्यांत नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तिचा समावेश झाला आणि २०१६ च्या कायद्यातील एकवीस प्रकारांत तिला स्थान मिळाले. प्रमाणपत्रासाठी चाळीस प्रश्नांची भारतीय मोजपट्टी वापरली जाते. तिचा उपयोग हक्क मिळविण्यासाठी मोठा आहे. पण दोन वर्षांच्या मुलाच्या आईला पडलेला प्रश्न प्रमाणपत्राच्या आधीचा असतो.

तो प्रश्न घरात कसा विरून जातो हे महाराष्ट्रातील वाचकांस सांगावयास नको. 'मुलगे उशिराच बोलतात', 'याचे वडीलही तीन वर्षांचे होईपर्यंत बोलत नव्हते', 'शाळेत गेला की बोलेल'. ही वाक्ये मायेपोटीच उच्चारली जातात. टॅमारा डेली यांनी भारतीय शहरांतील कुटुंबांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य पालकांना प्रथम भाषेतील विलंब खटकतो. भारतीय पालकांच्या नजरेत मुलाचे माणसांपासून अलिप्त राहणे आधी भरले, असे त्यात दिसून आले. माणसांनी भरलेल्या घरात हे साहजिक म्हटले पाहिजे. मूल बोलत नाही ही गोष्ट घर पचवते. आजीकडे झेपावत नाही ही गोष्ट खुपते. ही खूण निदानाच्या दृष्टीने अधिक नेमकी आहे. दुर्दैव असे की, डॉक्टरांपुढे बसल्यावर तक्रार 'बोलत नाही' एवढीच सांगितली जाते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे झाला. अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी करून शंका आल्यास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविणे, ही त्याची रचना. विकासातील विलंबांच्या यादीत स्वमग्नतेचाही समावेश करण्यात आला. या प्रश्नाचा आवाका २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री अभ्यासातून स्पष्ट झाला. उत्तर गोव्यासह पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षे वयाच्या ३,९६४ मुलांची पाहणी झाली आणि स्वमग्नतेचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आढळले. म्हणजे काही वर्षे काम केलेल्या बहुतेक अंगणवाडी सेविकांच्या डोळ्यांसमोरून असे मूल गेलेले असणार.

मदत मागण्याचा क्रमही या इतिहासातून सुचतो. वर्षाच्या सुमारास मूल नावाला वळत नसेल, दीड वर्षाला काही दाखविण्यासाठी बोट करीत नसेल, किंवा आलेले शब्द कोणत्याही वयात गमावीत असेल, तर प्रथम श्रवणचाचणी आणि त्याचबरोबर बालविकासतज्ज्ञांची भेट, हे दोन्ही विनाविलंब व्हावे. निदानाचा शिक्का बसेपर्यंत हस्तक्षेप थांबवून ठेवण्याचे कारण नाही. शंका खोटी ठरली तरी मुलाशी अधिक खेळल्याने त्याचे नुकसान होत नाही.

हा हस्तक्षेप मोठ्या शहरांतील तज्ज्ञांपुरताच मर्यादित राहावा असेही नाही. गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे दोन ते नऊ वर्षांच्या ६५ मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त प्रसिद्ध झाले. मार्गदर्शन करणारे डॉक्टर नव्हते. प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते होते. आईवडील आणि मूल यांच्या खेळाची चित्रफीत घ्यायची, ती पालकांसोबत बसून पाहायची, आणि मुलाने केलेली लहानशी खूण कोठे निसटली ते त्यांनाच शोधायला लावायचे, अशी ती पद्धत होती. पालकांचा मुलाला मिळणारा प्रतिसाद सुधारला आणि मुलांकडून संवादाचा आरंभही अधिक वेळा होऊ लागला.