हाडातील पोलाद आणि जखमेतील जंतू

मोडलेले हाड सांधता येते, हे मनुष्याला फार प्राचीन काळापासून ठाऊक होते. त्याला भय वाटे ते हाडावरील कातडी फाटण्याचे. अशा जखमेत पू झाला की पाय कापावा लागे, नाहीतर रोगी दगावे.

१८६५ च्या ऑगस्टमध्ये ग्लासगो येथे अकरा वर्षांचा एक मुलगा गाडीच्या चाकाखाली सापडला. जखम जंतूंमुळे कुजते, अशी खूणगाठ जोसेफ लिस्टर ह्यांनी पाश्चर ह्यांच्या संशोधनावरून बांधली होती. त्यांनी कार्बोलिक अॅसिडमध्ये भिजविलेले फडके जखमेवर ठेवले. सहा आठवड्यांत हाड जुळले. पू झाला नाही. पुढे १८७७ साली लंडनमध्ये त्यांनी मोडलेली गुडघ्याची वाटी चांदीच्या तारेने जोडली. त्या काळी गुडघा उघडणे हेच मोठे साहस होते.

त्यानंतर आर्बथनॉट लेन ह्यांनी हाडांवर पोलादी पट्ट्या, म्हणजे आज लोक ज्यांना ‘प्लेट’ म्हणतात त्या, बसविण्यास आरंभ केला. जखमेला बोटही लागू नये म्हणून ते लांब दांड्यांची हत्यारे वापरीत. १९६२ साली इंग्लंडमध्ये जॉन चार्नली ह्यांनी खुब्याचा कृत्रिम सांधा यशस्वी केला. शस्त्रक्रियेच्या खोलीतील हवा गाळून घेण्याची योजनाही त्यांनी केली. शेकडा सातांच्या आसपास असलेले जंतुबाधेचे प्रमाण एकाच्याही खाली आले.

दरम्यान पुण्याजवळ पिंपरीच्या सरकारी कारखान्यात १९५५ पासून पेनिसिलिन तयार होऊ लागले होते. आता पुवाची चिंता मिटली, असे कोणालाही वाटावे. परंतु धातूपाशी औषधाचे बळ तोकडे पडे. औषध रक्तातून येते आणि धातूला रक्तवाहिन्या नसतात. शिवाय जंतू धातूला चिकटून स्वतःभोवती बुळबुळीत आवरण निर्माण करतात. त्याच्या आत औषधाचा फारसा प्रभाव चालत नाही. धातूचा पृष्ठभाग आधी कोण व्यापतो, शरीराच्या पेशी की जंतू, अशी ही शर्यत असल्याचे अमेरिकेतील ग्रिस्टिना ह्यांनी १९८७ साली मांडले.

म्हणून केवळ गोळ्यांनी भागत नाही. जखम उघडून सडलेला भाग काढतात, खोलवरचे नमुने तपासून जंतू ओळखतात, जखम भरपूर धुतात आणि त्या जंतूवर चालणारे औषध कित्येक आठवडे देतात. प्लेट घट्ट असून हाड जुळायचे असेल, तर ती बहुधा ठेवतात, कारण हलणाऱ्या हाडात जंतुबाधा आटोक्यात येणे कठीण असते. ती ढिली झाली असेल, तर मात्र काढून हाडाला दुसरा आधार द्यावा लागतो.

ह्यात काळाला फार महत्त्व आहे. महाराष्ट्राच्या सीमेलगत, चंद्रपूर–आसिफाबाद रस्त्यावर वांकिडी हे गाव आहे. अशा गावचा कष्टकरी दूरच्या शहरात पायात प्लेट घालून घरी परततो. काही दिवसांनी टाक्यांतून पाणी झिरपू लागते. शेतीची कामे खोळंबलेली असतात आणि प्रवासाचा खर्च डोळ्यांपुढे उभा असतो. म्हणून तो हळद लावून वाट पाहतो, किंवा दुकानातून गोळ्या आणून घेतो. वरची जखम कोरडी दिसू लागते. आत जंतू आपले आवरण घट्ट करीत असतात. पहिल्याच झिरप्याला तो शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरकडे परतला, तर प्लेट आणि पाय दोन्ही वाचण्याची आशा पुष्कळ असते.