पाच सेंटिमीटरचा डोंगर

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या जुन्या ऑर्केस्ट्रातल्या गिटारवादकाची मुलगी एका संध्याकाळी घरी आली. खांद्याला गिटार, हातात विटेएवढी एक पेटी आणि पर्समध्ये एक जुनी कॅसेट. म्हणाली, "काका, बाबांच्या वर्षश्राद्धाला तुम्ही सगळे जमणार आहात. तेव्हा मला त्यांचा तो आवाज वाजवून दाखवायचाय. या पेटीत शंभर आवाज आहेत, पण बाबांचा काही सापडत नाही."

'तो आवाज' म्हणजे कोणता, हे सत्तर-ऐंशीच्या दशकात ज्यांनी कान देऊन गाणी ऐकली त्यांना सांगायला नको. गिटारचा एक सूर निघतो, पण तो तिथेच संपत नाही. लांब जातो, परत येतो, पुन्हा जातो. मधेच पाण्यावरच्या पानासारखा हेलकावतो. जणू आभाळापलीकडून कुणी वाजवतंय. इंग्लंड-अमेरिकेतल्या रॉक संगीताने तो जगभर नेला. आता तो तिच्या हातातल्या पेटीत, म्हणजे डिजिटल प्रोसेसरमध्ये, बटण दाबलं की मिळतो. मग तिच्या वडिलांचा आवाज त्यात का मिळत नव्हता? त्याचं उत्तर शोधायला आम्हाला बरंच मागे जावं लागलं.

तिच्या वडिलांना आम्ही मास्तर म्हणायचो. भद्रकालीत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं छोटं दुकान होतं आणि रात्री ते आमच्यात गिटार वाजवायचे. १९८१च्या सुमारास एका रविवारी ते मला सायकलवर डबलसीट घेऊन पांडवलेण्यांना गेले. त्रिरश्मी डोंगरातल्या त्या चोवीस लेण्यांपैकी अठरा क्रमांकाचं लेणं म्हणजे चैत्यगृह, उंच कमानदार छताचं. मास्तरांनी आत उभं राहून एक टाळी वाजवली आणि बोट वर करून मला गप्प राहायची खूण केली. टाळी संपली तरी तिचा घुमारा छतात रेंगाळत राहिला. "हे पेटीत भरायचंय," मास्तर म्हणाले.

आपण शाळेत शिकलोय की पडसाद वेगळा ऐकू यायला समोरचा अडथळा निदान सतरा मीटर लांब असावा लागतो. त्याहून जवळच्या भिंतींवरून परतणारे आवाज एकमेकांत मिसळतात आणि त्यांचा घुमारा होतो. म्हणजे पडसाद काय किंवा घुमारा काय, दोन्ही आपल्या कानाला एकच गोष्ट सांगतात : जागा केवढी आहे, माणूस किती लांब आहे. गाण्यात हे अंतर कसं आणायचं, हा प्रश्न मुंबईच्या स्टुडिओत फार आधी पडला होता. १९४९च्या 'महल' चित्रपटातलं खेमचंद प्रकाश यांचं ते गाजलेलं गाणं आठवा. त्याच्या सुरुवातीचे बोल दुरून जवळ येत जातात. लता मंगेशकरांनीच सांगून ठेवलंय की मायक्रोफोन खोलीच्या मध्यभागी ठेवला होता आणि त्या कोपऱ्यातून गात गात त्याच्याकडे चालत आल्या. अंतर हवं होतं, म्हणून खरोखरचं अंतर चालावं लागलं!

ही पायपीट वाचवली ती टेपने. रेकॉर्डरमध्ये एक हेड आवाज नोंदवतं आणि दुसरं तो वाचतं. दोन्ही हेड शेजारी ठेवली तर नोंदलेला आवाज क्षणभराने दुसऱ्या हेडखाली येतो आणि पडसाद तयार होतो. तो पुन्हा पहिल्या हेडकडे पाठवला की पडसादाचा पडसाद. आता हिशेब पाहा. टेप सेकंदाला १९ सेंटिमीटर वेगाने धावत असेल आणि दोन हेडांमध्ये पाच सेंटिमीटर अंतर असेल, तर आवाज साधारण पाव सेकंदाने परत येतो. हाच पाव सेकंद डोंगरातून मिळवायचा तर कडा चाळीस-बेचाळीस मीटर लांब हवा. पाच सेंटिमीटरच्या टेपमध्ये एक अख्खा डोंगर बसला!

परदेशात यावर सुरेख यंत्रं निघाली. इटलीतल्या बिन्सन कंपनीच्या यंत्रात टेपऐवजी फिरती चकती होती आणि तिच्या कडेला पोलादी तार गुंडाळलेली. 'पिंक फ्लॉइड'चा गिटारवादक डेव्हिड गिल्मर हेच यंत्र वापरायचा. १९७३च्या 'द डार्क साइड ऑफ द मून' या तबकडीवरची त्याची गिटार ऐकली की तो अवकाश कानात उतरतो. जपानच्या रोलँड कंपनीने १९७४मध्ये टेपवर चालणारं यंत्र काढलं, त्याचं नावच 'स्पेस एको'.

इकडे नाशिकमध्ये आम्ही काय करत होतो? १९७१मध्ये 'हरे रामा हरे कृष्णा' आला होता आणि 'दम मारो दम'मधली भूपिंदर सिंग यांची गिटार ऐकून श्रोत्यांच्या अपेक्षा वाढून बसल्या होत्या. कार्यक्रमात ते गाणं साध्या गिटारवर वाजवलं की मागून आवाज यायचा, "मजा नाय राव!" परदेशी यंत्राची किंमत आमच्या वर्षभराच्या बिदागीहून जास्त. तेव्हा मास्तरांनी दुरुस्तीला आलेला आणि मालकाने परत न नेलेला एक स्पूल टेपरेकॉर्डर घेतला, त्यात एक जादा हेड बसवलं, मीटरभर टेप कापून तिची दोन टोकं चिकटवली आणि तिचं वेटोळं फिरत ठेवलं. पहिल्यांदा वाजवलं त्या रात्री गल्लीतली माणसं दुकानाबाहेर गोळा झाली.

मास्तरांचा दुसरा एक लाडका परिणाम होता, तो हेलकाव्याचा. त्याची गोष्ट खास रेडिओवर सांगण्यासारखी आहे. जपानमध्ये फुमिओ मिएदा नावाचे एक अभियंता होते. रेडिओ मॉस्कोचं प्रसारण शॉर्टवेव्हवर ऐकताना आवाज जो भरून येतो, विरतो, गरगरतो, तो त्यांना आवडला आणि तसा आवाज करणारी पेटी त्यांनी बनवली, असं सांगितलं जातं. तिचं नाव युनिव्हाइब. आत एक छोटा दिवा मंद-प्रखर होत राहतो आणि त्याच्याभोवतीचे चार प्रकाशसंवेदक त्या उजेडाप्रमाणे आवाज मागेपुढे सरकवतात. ऑगस्ट १९६९मध्ये वुडस्टॉकच्या महोत्सवात जिमी हेंड्रिक्सने ही पेटी वापरली.

आता सांगा, शॉर्टवेव्हचा तो हेलकावा आपल्याला नवा होता का? बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' लागायची. अमीन सयानींचा आवाज कोलंबोहून वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून नाशिकला पोहोचायचा. वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या लहरी कधी एकमेकींना साथ द्यायच्या, कधी पुसून टाकायच्या. ऐन गाण्यात सूर बुडायचा आणि घरातलं कुणीतरी रेडिओला एक थाप मारायचं. मिएदांच्या पेटीतही आवाजाला त्याच्याच सरकवलेल्या प्रतीत मिसळतात, बाकी काही नाही. ज्या दोषावर आपण चिडत होतो, त्याचं कुणीतरी वाद्य केलं.

पुढे टेप गेली. १९६९मध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेत एक चिप निघाली. पाणीटंचाईत विहिरीपासून घरापर्यंत रांगेत उभं राहून माणसं घागरी पुढे देतात, तसा तिच्यात आवाज एका खणातून दुसऱ्या खणात जातो आणि वाटेत उशीर होतो. मग १९८०च्या दशकात डिजिटल पेट्या स्वस्त होत गेल्या. डिजिटलमध्ये आवाजाचे आकडे होतात. सीडीच्या मापाने सेकंदाला ४४,१००. पाव सेकंदाचा पडसाद हवा तर अकरा हजार पंचवीस आकडे थांबवून ठेवायचे आणि मग सोडायचे. टेप नाही, झीज नाही, खरखर नाही.

आमच्या मुलीची अडचण नेमकी इथेच होती. तिने पेटीत पाव सेकंदाचा स्वच्छ पडसाद लावला होता. प्रत्येक पडसाद पहिल्या सुराइतकाच लख्ख. कॅसेटवर, म्हणजे आमच्या १९८३च्या गणेशोत्सवातल्या कार्यक्रमात, मास्तरांचा पडसाद मात्र दर खेपेला मऊ होत जातो, किंचित थरथरतो. मी म्हटलं, "अगं, टेप झिजलेली होती आणि मोटर एका वेगाने फिरत नव्हती. आधी आवाज खराब कर." तिच्या पेटीत त्याचीही सोय निघाली! टेप किती जुनी, मोटर किती डळमळती, हे ठरवायच्या वेगळ्या खुंट्या. ज्या दोषांशी मास्तर रात्र रात्र झगडले, ते आता विकत मिळतात. आम्ही वरच्या पट्टीतला चकचकीतपणा कापला, थरथर वाढवली, दिव्याचा हेलकावा मंद ठेवला. तासाभरात आवाज बराच जवळ आला.

ती वाजवत राहिली आणि एकाएकी थांबली. "काका, बाबांचा मधेच अडखळायचा."

मी कॅसेट पुन्हा लावली. खरंच. दर पाच सेकंदांनी पडसाद पापणी लवावी इतका तुटत होता. चाळीस वर्षांत ते माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. तो टेपचा जोड होता. मास्तरांनी चिकटवलेली दोन टोकं हेडवरून गेली की क्षणभर आवाज जायचा. या खोडीची खुंटी आम्हाला पेटीत सापडली नाही.

तेव्हा मला जे अनेक वर्षं सांगायचं टाळलं होतं ते सांगावं लागलं. मास्तरांचं ते यंत्र माझ्याकडे होतं. ऑर्केस्ट्रा बंद पडला तेव्हा त्यांनी "सांभाळ" म्हणून दिलं होतं. १९९४मध्ये घर बदलताना माळ्यावरचं सामान काढलं, त्यात ते भंगारवाल्याला वजनावर दिलं. तोवर कीबोर्डमध्ये सगळे आवाज तयार मिळत होते, मला वाटलं याचं आता काम काय. मास्तरांनी नंतर कधी विचारलं नाही. आपण गाणी जपतो, गायकांचे फोटो जपतो, पण ज्या खटपटीतून ते आवाज निघाले ती यंत्रं आणि ती बनवणारे हात यांची नोंद ठेवत नाही. प्रोसेसरमध्ये बिन्सन आहे, स्पेस एको आहे, कारण कुणीतरी ती यंत्रं जपून त्यांची मापं घेतली. भद्रकालीतल्या यंत्राचं माप घ्यायला ते उरलंच नाही.

मुलगी काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने पाय पेटीवर ठेवला आणि म्हणाली, "तुम्ही मोजा. पाचला मी पडसाद बंद करते आणि लगेच चालू करते."

मी बोटांवर मोजत गेलो, ती वाजवत गेली. वर्षश्राद्धाच्या संध्याकाळी जुनी मंडळी जमली तेव्हाही तसंच केलं. तबलजींनी डोळे मिटले होते. तिसऱ्यांदा सूर अडखळला तसं ते न राहवून म्हणाले, "मास्तर आले."