मरोळची वाट

प्रवासवर्णने शिकवताना आपण प्रवाशाविषयी बोलतो, रस्त्याविषयी क्वचितच. मुंबईकराला मरोळजवळच्या कोंडिविटे, म्हणजेच महाकाली लेण्यांकडे गाडी हाकणे सुकर झाले, ते माहीम-वांद्रे बांध 1845 मध्ये खुला झाल्यावर. त्यासाठी अवाबाई जीजीभॉय यांनी मोठी रक्कम दिली, आणि अट घातली : पथकर घेऊ नये. हौसेच्या भटकंतीच्या इतिहासात ही अट मला अनेक प्रवासवर्णनांहून मोलाची वाटते.

आज जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावरून मोटारी लेण्यांच्या जवळून न थांबता जातात. थांबणाऱ्याला नवव्या लेण्यात खडकातच कोरलेली गोल भिंत, तिला जाळीच्या खिडक्या आणि आत स्तूप दिसतो. बिहारमधील बराबरच्या लेण्यांशी अभ्यासक त्याचे नाते जोडतात. पाहायला तासभर पुरतो. गाडी उभी करायला जागा मिळाली तर.