बौद्धिक अक्षमता आणि न्यायसहायक मानसशास्त्र : इंग्लंडमधील सेवा

भारतात ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ म्हटले की बहुधा डिस्लेक्सिया अभिप्रेत असतो. ब्रिटनमध्ये ही संज्ञा बौद्धिक अक्षमतेसाठी रूढ आहे. अशी प्रौढ व्यक्ती चौकशीच्या दडपणाखाली न केलेल्या गोष्टीलाही होकार देऊ शकते. ही सूचनवशता मोजणारी चाचणी मानसशास्त्रज्ञ गिस्ली गुडजॉन्सन यांनी विकसित केली. इंग्लंड व वेल्समध्ये १९८४ च्या पोलीस व फौजदारी पुरावा कायद्याखालील संहितेनुसार अशा संशयिताच्या चौकशीवेळी सर्वसाधारणपणे ‘ॲप्रोप्रिएट ॲडल्ट’ उपस्थित असावा लागतो. ही भूमिका नातेवाईकही बजावू शकतो.

२००९ च्या ब्रॅडली अहवालानंतर पोलीस ठाण्यातच अशा व्यक्ती ओळखून त्यांना उपचारांकडे वळविणाऱ्या सेवा विस्तारल्या. जोखमीचे मूल्यमापन आणि सोप्या भाषेतील, चित्रांच्या साहाय्याने दिले जाणारे मानसोपचार हे मानसशास्त्रज्ञांचे मुख्य काम. ते स्थानिक पथकांत तसेच अल्प व मध्यम सुरक्षेच्या रुग्णालयांत चालते. पुरुषांसाठीची राष्ट्रीय उच्च-सुरक्षा सेवा नॉटिंगहॅमशायरमधील रॅम्प्टन रुग्णालयात आहे.

२०११ मध्ये विंटरबोर्न व्ह्यू रुग्णालयातील रुग्णांचा छळ बीबीसीने उघडकीस आणला. तेव्हापासून रुग्णालयाऐवजी समाजातच आधार देण्याचे धोरण आहे. आप्तास अटक झाल्यास निदानाची माहिती कस्टडी अधिकाऱ्यास तत्काळ द्यावी.