तळटीप : डोळ्यात वाढलेले मांस
१. कापूस-सोयाबीनच्या शेतात दिवस-दिवस उन्हात राबणाऱ्या महागाव तालुक्यातील माणसांच्या डोळ्यांत नाकाच्या बाजूने त्रिकोणी मांस वाढू शकते. ते कर्करोगाचे नसते. मात्र बुबुळाच्या कडेला जेलीसारखी किंवा पांढुरकी, खडबडीत गाठ आली आणि तिच्याकडे जाड, लाल रक्तवाहिन्या जाताना दिसल्या, तर कर्करोगाची शंका घ्यावी. ऊन हे या कर्करोगाचे मोठे कारण; एचआयव्हीमुळेही तो होऊ शकतो, म्हणून तरुण रुग्णाची एचआयव्ही तपासणीही करतात. शस्त्रक्रियेत गाठीला चिमट्याचा स्पर्श न होऊ देता भोवतालच्या ३ ते ४ मिलिमीटर निरोगी भागासह ती काढतात, कडा गोठवतात आणि मोठी जखम वारेच्या पातळ पडद्याने झाकतात. काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासलाच पाहिजे. काही रुग्णांची गाठ केवळ थेंबांनीही विरते : १ टक्का फ्लुरोयुरॅसिल आठवडाभर दिवसातून ४ वेळा, मग ३ आठवडे विश्रांती, अशी आवर्तने देतात. गाठ परत येऊ शकते, म्हणून पुढे काही वर्षे तपासणी चुकवू नये. अशी गाठ दिसताच झाडपाल्याचा रस डोळ्यात न घालता नेत्रतज्ज्ञ गाठावा. वेळेत उपचार झाले तर डोळा आणि दृष्टी दोन्ही बहुधा वाचतात.