जुन्या संगणकाची पहिली बीप : सुरू न होणाऱ्या यंत्राचा इतिहास

१/ गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, मुंबई–हावडा लोहमार्गावर सालेकसा हे तालुक्याचे गाव आहे. एका अंगाला छत्तीसगड, दुसऱ्या अंगाला मध्य प्रदेश, भोवती जंगल आणि धानाच्या बांध्या. अशा गावातल्या सेवा केंद्रावरचा दहा-बारा वर्षांचा डेस्कटॉप एखाद्या सकाळी सुरूच होत नाही, तेव्हा नेमके काय थांबते? आणि तो सुरू करण्याची जी रीत दुरुस्तीकाराच्या बोटांत बसलेली असते, ती आली कुठून? आजचा धागा या रीतीच्या इतिहासाविषयी.

२/ काय थांबते, ते आधी. आधारभूत किमतीने धान विकायचे तर शेतकऱ्याला ऑनलाइन नोंदणी करावी लागते. नोंदणीला सातबारा लागतो आणि मुदतही असते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज यांचीही वाट त्याच पडद्यावरून जाते. शहरात एक यंत्र बंद पडले तर माणूस शेजारच्या दुकानात जातो. इथे शेजारचे दुकान म्हणजे पुष्कळदा चाळीसेक किलोमीटरवरचे गोंदिया असते.

३/ कागदाचा सातबारा यंत्रात शिरण्याची सुरुवातही विदर्भातच झाली. भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्र सरकारची योजना १९८८-८९ मध्ये देशातल्या आठ जिल्ह्यांत प्रायोगिक म्हणून हाती घेण्यात आली. महाराष्ट्रातून त्यात वर्धा होता. तेव्हापासून १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा जनतेला खुला होईपर्यंत तीस वर्षे गेली. या तीस वर्षांत नोंदी वहीतून यंत्रात गेल्या खऱ्या, पण वहीला न लागणारी एक गोष्ट त्यांना लागू लागली : यंत्र रोज सकाळी नव्याने जागे होणे. वही उघडली की उघडली. संगणकाला मात्र दर वेळी आपण कोण आहोत, इथपासून आठवावे लागते.

४/ या आठवण्याचा इतिहास जुना आहे. वीज जाताच पहिल्या संगणकांची स्मृती जात असे किंवा तिच्यात निरुपयोगी कचरा उरत असे. यंत्राला आज्ञावली वाचायला लावायची, तर वाचायची कशी हे सांगणारी आज्ञावली आधी आत हवी. ती आत नेणार कोण? या कोड्यावरचा तोडगा म्हणजे सुरुवातीच्या मोजक्या आज्ञा माणसाने हाताने किंवा एखाद्या कळीने आत ढकलणे, त्यांनी पुढच्या आज्ञा ओढून घेणे, आणि त्यांनी त्यापुढच्या. आपल्याच बुटांचे बंद धरून स्वतःला वर उचलण्याच्या इंग्रजी कल्पनेवरून या क्रियेला ‘बूट’ हे नाव पडले. आज सालेकसा येथेही ‘बूट होत नाही’ असेच म्हटले जाते. त्यातल्या बुटाकडे कुणाचे लक्ष जात नाही, एवढेच.

५/ निर्वात नळ्यांच्या काळात सुरू करणे हीच मोठी जोखीम होती. अमेरिकेतल्या एनियाक या यंत्रात सतरा हजारांवर नळ्या होत्या आणि त्यांतल्या बऱ्याचशा निकामी होत त्या यंत्र तापताना किंवा निवताना. म्हणून ते शक्यतो बंदच करायचे नाही, असा मार्ग निघाला. तापणे आणि निवणे यंत्राला चालण्यापेक्षा अधिक झिजवते, हे निरीक्षण पुढे धाग्यात पुन्हा येईल.

६/ भारताकडे वळताना एक कटू गोष्ट नोंदवावी लागते. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतः घडवलेला ‘टिफरॅक’ १९६० साली कार्यान्वित झाला. तो सन्माननीय अपवाद सोडला, तर भारतातला संगणक बहुतांशी जुनाच जन्मला. साठच्या दशकात कार्यालयांत आलेले आयबीएमचे १४०१ हे प्रारूप कंपनीने १९५९ मध्ये जाहीर केले होते. भारतात ते भाड्याने दिले जाई, आणि दिली जाणारी यंत्रे अनेकदा परदेशात वापरून झालेली, इथे डागडुजी केलेली असत. जगात मागे पडलेले यंत्र इथे नव्याच्या थाटात मिरवले जाते, अशी टीका झाली. संसदेच्या लोकलेखा समितीनेही हा विषय हाती घेतला.

७/ १४०१ सुरू करण्याची रीत मात्र देखणी होती. छिद्रे पाडलेल्या कार्डांची गड्डी वाचकयंत्रात ठेवायची आणि ‘लोड’ ही कळ दाबायची. पहिल्या कार्डावरची ८० अक्षरे स्मृतीच्या पहिल्या ८० घरांत जाऊन बसत आणि यंत्र तिथूनच काम सुरू करी. कार्ड दुमडलेले असले, दमट झाले असले किंवा गड्डीचा क्रम चुकला असला, की सारे ठप्प. मुंबईच्या पावसाळ्यात कागदी कार्डांचे काय होत असेल, याची कल्पना करता येते.

८/ मग १९७८ आले. परकीय चलन नियमन कायद्यानुसार भारतीय भागीदारी वाढवण्याच्या प्रश्नावर सरकारशी जुळले नाही आणि आयबीएमने देशातला व्यवहार गुंडाळला. यंत्रे मात्र इथेच राहिली : विमा, रेल्वे, गिरण्या, बँका यांच्या कार्यालयांत, चालू स्थितीत, आणि निर्माता निघून गेलेला. त्यांची देखभाल आली १९७५ मध्ये स्थापन झालेल्या कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीकडे. ‘देखभाल’ हा शब्दच जिच्या नावात आहे, अशी ही संस्था पुढे सीएमसी म्हणून प्रसिद्ध झाली आणि २००१ मध्ये टाटा समूहाकडे गेली.

९/ या घटनेचे वर्णन सहसा स्वदेशीचा विजय किंवा परकीय भांडवलाचा पराभव म्हणून होते. दोन्ही बाजूंना तिचा खरा वारसा दिसलेला नाही. कंपनी नाही, सुटे भाग सहज मिळत नाहीत, यंत्र म्हातारे आहे आणि काम उद्यावर टाकता येत नाही, अशा स्थितीत ते चालू करून दाखवणे हा एक स्वतंत्र व्यवसाय ठरला. सालेकसा येथे टेबलावर कॅबिनेट उघडून बसलेला दुरुस्तीकार या व्यवसायाचाच वारस आहे, त्याने सीएमसीचे नाव ऐकले असो वा नसो.

१०/ त्याच्या हातातली रीत मात्र दुसऱ्या एका यंत्रातून आली. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. त्यात सुरुवातीच्या आज्ञा कायमस्वरूपी चिपमध्ये कोरलेल्या होत्या. बायोस हे तिचे नाव गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम या प्रणालीतून रूढ झालेले. वीज येताच प्रोसेसर एका ठरलेल्या पत्त्यावर जातो आणि तिथली पहिली आज्ञा उचलतो. मग यंत्र स्वतःची परीक्षा घेते : स्मृती आहे का, पडदा आहे का, कळफलक आहे का. सारे ठीक असेल तर एक छोटी बीप.

११/ बीपच का? पडदाच चालत नसेल तर दोष पडद्यावर लिहून सांगणार कसा? म्हणून आवाज. एक लांब आणि दोन छोट्या बीपा म्हणजे पडद्याचा मार्ग तुटलेला, हा संकेत त्या पहिल्या पिढीचा आणि तो पुढे अनेक मदरबोर्डांत टिकला. बाकीचे संकेत मात्र विखुरले. आयबीएमने बायोसची संपूर्ण आज्ञावली पुस्तकात छापली होती, पण तिच्यावर स्वामित्वहक्क होता; त्यामुळे कॉम्पॅक, फिनिक्स आदींनी तसेच वागणारी बायोस स्वतंत्रपणे लिहून काढली. त्यातून आयबीएमशी सुसंगत पण स्वस्त यंत्रांचा पूर आला. आपल्या गावोगावच्या जोडणी केलेल्या संगणकांचे मूळ इथे आहे. किंमत एवढीच पडली की अवॉर्डची बीप एक सांगे, एएमआयची दुसरे, आणि दुरुस्तीकाराला दोन्ही बोली शिकाव्या लागल्या.

१२/ आजच्या बहुतेक मदरबोर्डांवर तो छोटा भोंगाच बसवलेला नसतो. काही रुपये वाचवण्यासाठी निदानाची वाणीच काढून टाकली गेली. म्हणून जाणता दुरुस्तीकार तसा भोंगा खिशात घेऊनच येतो आणि मदरबोर्डच्या चार सुयांवर लावतो.

१३/ त्याच्या कामाचा क्रम पाहिला तर तो यंत्राच्या परीक्षेचाच क्रम असतो. आधी भिंतीतली वीज आणि बोर्डाचे बटण. मग एसएमपीएस : १९९५ पासून आलेल्या एटीएक्स रचनेत विद्युतपुरवठा स्वतः स्थिर झाला की ‘आता ठीक’ असा इशारा मदरबोर्डाला देतो आणि तोवर प्रोसेसर रोखून धरलेला असतो. संपूर्ण शांतता असेल तर जोडणी मदरबोर्डापासून सोडवून हिरवी तार काळ्या तारेला जोडतात; पंखा फिरला नाही तर एसएमपीएस गेला. फिरला, तरी तो निर्दोष ठरत नाही. त्यानंतर हार्ड डिस्क, सीडी, सारे काढून फक्त मदरबोर्ड, प्रोसेसर आणि एक रॅम. बीप ऐकायची. मग एकेक भाग परत जोडायचा.

१४/ रॅम काढून तिचे सोनेरी दात शाळकरी खोडरबराने पुसणे, हा या क्रमातला सर्वांत प्रसिद्ध विधी. शहरी तंत्रज्ञ त्याला हसतात. पण जंगलाला लागून असलेल्या, पावसाळाभर ओल धरणाऱ्या प्रदेशात धातूच्या स्पर्शबिंदूंवर पापुद्रा चढतो आणि संपर्क तुटतो. रबर तो पापुद्रा काढतो. जोर लावला तर सोन्याचा मुलामाही जातो, म्हणून हलका हात हवा. कॅबिनेटमध्ये धूळ आणि मुंग्यांची वस्ती सापडणेही इथे नवलाचे नाही.

१५/ दुसरा दोष अधिक फसवा. सकाळी बटण चार-पाच वेळा दाबावे लागते. एकदा सुरू झाला की दिवसभर बिनतक्रार चालतो. लोक म्हणतात, संगणकाला थंडी वाजते. ते अक्षरशः खरे आहे. एसएमपीएस आणि मदरबोर्डवरच्या कपॅसिटरांमध्ये द्रव असतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तो आटतो. आटलेल्या कपॅसिटरचा अंतर्गत रोध वाढतो आणि गारठ्यात आणखी वाढतो. तापल्यावर तोच कसाबसा काम देतो. एनियाकच्या काळातले ते निरीक्षण इथे वेगळ्या रूपाने परतते. गोंदियाचा हिवाळा विदर्भातल्या कडक हिवाळ्यांपैकी, आणि धान खरेदीची धावपळही त्याच दिवसांतली.

१६/ या कपॅसिटरांची एक जागतिक दुर्दशाही इतिहासात नोंदली गेली आहे. १९९९ ते २००७ च्या सुमारास बनलेल्या असंख्य मदरबोर्डांवरचे कपॅसिटर सदोष द्रवामुळे अकाली फुगले, फुटले. दुरुस्तीकार अजूनही कॅबिनेट उघडताच आधी त्यांचे माथे पाहतो : सपाट की टम्म. काही रुपयांचा कपॅसिटर आणि सोल्डरची गरम टोचणी एवढ्यावर जे यंत्र वाचते, ते ‘बोर्ड गेला’ या दोन शब्दांनी भंगारात जाते.

१७/ सर्वांत लहान गुन्हेगार राहिलाच. पहिल्या आयबीएम पीसीमध्ये घड्याळ नव्हते. डॉस दर वेळी तारीख-वेळ विचारी आणि उत्तर न दिल्यास १ जानेवारी १९८० धरून चाले. १९८४ च्या पीसी एटीमध्ये घड्याळाची वेगळी चिप आली, तिच्यात यंत्राच्या मांडणीची नोंद ठेवण्याची किंचित जागा आली, आणि हे सारे जिवंत ठेवायला बॅटरी आली. आजचा सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल तिचाच वंशज. नावातच माप आहे : २० मिलीमीटर व्यास, ३.२ मिलीमीटर जाडी.

१८/ यंत्राला भिंतीतून वीज मिळत असली की सेलवर भार जवळजवळ पडत नाही. मुख्य बटण बंद केले की सारा भार त्याच्यावर. विजा कडाडण्याची भीती असलेल्या गावात रोज संध्याकाळी प्लग काढून ठेवणे हा शहाणपणाच आहे, पण त्याच शहाणपणाने सेल लवकर संपतो. मग सकाळी काळा पडदा, त्यावर घड्याळाची चूक सांगणारी इंग्रजी ओळ आणि ‘एफ १ दाबा’.

१९/ एफ १ दाबले की संगणक सुरू होतो, सारे सुरळीत वाटते; फक्त तारीख कित्येक वर्षे मागची असते. पूर्वी त्याने बिघडत नव्हते. आता बिघडते. संकेतस्थळाची सुरक्षा प्रमाणपत्रे अमुक दिवसापासून तमुक दिवसापर्यंत वैध असतात. यंत्राच्या मते आज २०११ साल असेल, तर गेल्या वर्षी दिलेले प्रमाणपत्र त्याच्या लेखी अजून जन्मलेलेच नाही. शासनाचे पोर्टल उघडत नाही; डिजिटल स्वाक्षरीही अवैध दिसते. केंद्रचालक इंटरनेटला दोष देतो, रांगेतला माणूस केंद्रचालकाला, आणि दोष असतो एका नाण्याएवढ्या सेलचा.

२०/ गेल्या काही वर्षांत या इतिहासाला नवे वळण लागले आहे. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला, विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. दहा-बारा वर्षांच्या बहुतेक यंत्रांपाशी ते नाही. खोडरबर, सोल्डर किंवा नवा सेल यांनी हा दोष जात नाही, कारण तो यंत्रात नाहीच. आत लिनक्स बसवता येते आणि अशी यंत्रे त्यावर उत्तम चालतातही. पण अंगठ्याचे यंत्र, छपाईयंत्र आणि स्वाक्षरीची आज्ञावली तिथे चालेल की नाही, हे प्रत्येक केंद्राला एकेक करून तपासावे लागते.

२१/ १९७८ मध्ये निर्माता गेला तेव्हा राज्यसंस्थेने देखभालीसाठी एक कंपनीच पुढे केली होती. आज निर्माता यंत्र जागेवर ठेवून फक्त हात काढून घेतो. आटलेला कपॅसिटर बदललेला, रॅम पुसलेली, सेल नवा, तारीख अचूक, अशा यंत्राने सकाळी पहिल्याच बटणाला बीप दिली, तरी त्याच्यासमोर रांग लावायची की नाही, हा निर्णय आता सालेकसा येथे होत नाही.